रोही आणि खवल्या मांजर

माय, आज वर्गात फळ्यावर दोन रकाने आखले, एकीकडे रोही, दुसरीकडे खवल्या मांजर, आणि शिकवता शिकवता मीच त्यात गुंतले. दोन्ही सस्तन, दोन्ही पिलांना दूध पाजणारे, पण पुढे वाटा फुटतात. आपल्या वांग्यांचा सत्यानाश करणारा रोही, म्हणजे पुस्तकातली नीलगाय, गाय-बकरीच्या कुळातला, हरणापेक्षा गाईला जवळचा. खवल्या मांजराचा गणच वेगळा. अंगावर खवले, तोंडात एक दात नाही, आणि तरी लांबचं नातं निघतं ते कुत्र्या-वाघांशी! आहे की नाही गंमत? रोही भरपूर, त्याची कुणाला चिंता नाही. खवल्या मांजर मात्र धोक्यात, खवल्यांपायी मारून मारून संपत आलेलं.

पवनारच्या वावरात तुझी वर्गवारी याहून सोपी होती. पीक खाईल ते मेलं, बाकीचं आपलं. रोही दिसला की तू डबा बडवत, शिव्या देत वावराच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत धावायचीस. त्या सकाळी मात्र बाजाराला निघताना वारुळापाशी तू एकदम थांबतेस, वाकतेस, भाजीची टोपली रिकामी करून काहीतरी जड उचलून तिच्यात ठेवतेस, वर ओलं पोतं टाकतेस. शेजारचे काका म्हणतात, "वहिनी, याच्या खवल्याइचे पैसे भेटतेत. सोडून काऊन देऊन राह्यली?"

"भेलं हाय ते, भाऊ. पाहा ना, कसं तोंड लपवून राह्यलं. भेलेल्याले इकू का मी?"

मला घरी पिटाळून तू टेकडीकडे गेलीस. वर्ध्याची बस चुकली, भाजी सुकली, आणि त्याबद्दल तू कधी हळहळली नाहीस.

आज एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमी पाह्यलं का खरंखुरं?" रोही त्या सगळ्यांनी पाहिलाय, खवल्या मांजर कुणीच नाही. मी "हो" म्हणाले. तेव्हापासून तुला विचारावंसं वाटतंय: टेकडीवर त्यानं अंग उलगडलं का? मागच्या दोन पायांवर चाललं का? जीभ दिसली? इतकं विचारायचं राहून गेलं, आणि आज तू फार हवी होतीस गं.

हे लिहून झालं की घडी घालून उद्याच्या धड्यात ठेवून देईन. खरं सांगू, माय? त्या जनावरात आणि माझ्यात तुझी पाठ आडवी होती. मला दिसलं ते पोतं आणि वळलीस तेव्हाचा तुझा चेहरा. त्या मुलीला मी "हो" म्हणाले ते तेवढ्याच भरवशावर.