चिंचेच्या पाण्यातला दगड

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ जानेवारी १९८४

प्रिय नंदू,

तुझं पत्र आणि आमंत्रण, दोन्ही मिळाली. पुण्याच्या कॉलेजात दगडांचं दालन उघडणार, ते तू उभं केलंस, आणि त्याची फीत म्हणे मी कापायची! तुझ्या दादांनी पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं, मग चष्मा पुसत बसले. माझ्या नवऱ्याला लग्नात मी इतकं हळवं झालेलं पाहिलं नव्हतं. पहिल्या कपाटात जो दगड ठेवणार आहेस, त्याच्या चिठ्ठीचा मजकूरही तू कळवलास : ‘१९६४. माझ्या वहिनीनं हा चुकून चिंचेच्या पाण्यात घातला. तिथून माझं शिक्षण सुरू झालं.’ ते वाचलं आणि आठ दिवस मला उत्तर लिहवेना. का ते सांगते, पण माझ्या पद्धतीनं. वळसा घेतल्याशिवाय मला कुठं पोहोचता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

अकरावीची परीक्षा दोन महिन्यांवर असताना मला बोहल्यावर उभं केलं आणि मी तुमच्या घरी आले. तू पंधरा वर्षांची. पहिल्याच संध्याकाळी पलंगाखालून बिस्किटांचे डबे ओढलेस. मला वाटलं, नणंदबाई दागिने दाखवतायत. निघाले दगड! प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी : ‘कळंबा, विहीर’, ‘पन्हाळा, पायथ्याची खाण’. एक उचलून तू चक्क चाटलास, ओला झाल्यावर रंग खुलतो म्हणून, आणि दुसरा माझ्या तोंडापुढं धरलास. सासरी येऊन मी आवडीनं तोंडाला लावलेली पहिली गोष्ट म्हणजे तो दगड. आई म्हणायच्या, मुलीच्या जातीला दगडधोंड्यांचा कसला नाद! पण तुझा तो गुळगुळीत अकीक सुंठ कुटायला बरा पडतो म्हणून त्यांनीच पळवला होता.

मी तुझ्याकडं बघतच राहायची, नंदू. सायकल काढून तू खाणीवर जायचीस, विहिरी खणणाऱ्यांना नावानं हाका मारायचीस. परत यायचीस ती गुडघे फुटलेली, वेणीत धूळ, आणि ओचाभर दगड. आईंचा तोंडपट्टा सुरू व्हायचा. तू खाली मान घालून ऐकायचीस आणि त्यांची पाठ वळली की मला डोळा मारायचीस. त्या घरात मी हसले ती तुझ्यामुळंच.

मग दोनेक वर्षांनी तो दगड आला. विहिरींना सुरुंग लावणारा पिराजी तुला आठवत असेलच. एका दुपारी तू कॉलेजात असताना तो दारात उभा राहिला. मुंडाशात काहीतरी गुंडाळलेलं. “ताईस्नी द्या म्हणावं,” म्हणाला, “गगनबावड्याच्या वाटंला हिरीत घावला. सुरुंग उडाला आन् ह्यो आतनं हसतच भायेर आला की!” अर्ध्या नारळाएवढा काळा दगड, आत गुलाबी पाकळ्यांची दाटी आणि मधोमध मधाच्या रंगाचा एक टपोरा स्फटिक, आरपार दिसणारा. पिराजी जाताना आणखीही काही बोलला. त्याकडं येते.

तू घरी आलीस, दगड पाहिलास आणि तिथंच दारात तो चाटून बघितलास. तुझ्या सरांनी सांगितलं होतं, सोमवारी पुण्याचे प्रोफेसर येणार आहेत, त्यांना चांगला नमुना दाखव. त्यांनी मनावर घेतलं तर भूशास्त्राला प्रवेश, वसतिगृह, सगळं जमेल. पण आदल्याच दिवशी, रविवारी, तुला बघायला नेसरीचे पाहुणे येणार होते. आईंनी दोन्ही गोष्टी एका दमात ठरवून टाकल्या : पाहुण्यांनी होकार दिला की पुणं बंद.

शनिवारी मी दिवाणखाना सजवला. काचेच्या कपाटात तुझी कलाकुसर म्हणून माझी मण्यांची तोरणं मांडली आणि शेजारी तुझे दगड. पितळेच्या भांड्यांबरोबर तेही धुतले. पिराजीचा दगड रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवला. सकाळी मधाचा स्फटिक चुन्यात बुडवल्यासारखा पांढरा.  तू दगड हातात घेऊन नुसती फिरवत राहिलीस. मी रडले. “अगं, तुला काय माहीत,” असं म्हणून तूच माझे डोळे पुसलेस.

पाहुणे आले. मुलाच्या मावशीनं विचारलं, तोरणं कुणी केली? तू म्हणालीस, “ती वहिनींची. दगड माझे.” मुलाचे वडील गडगडले, “दगुड गोळा करून संसार हुतोय व्हय?” तू शांतपणे म्हणालीस, “माझा होईल.” पोह्यांच्या बश्या तशाच राहिल्या, पाहुणे उठले. आईंनी आठवडाभर अबोला धरला.

आणि सोमवारी तू तोच विटलेला दगड घेऊन गेलीस! प्रोफेसरांना म्हणालीस, चिंचेनं मधला स्फटिक खाल्ला, गुलाबी पाकळ्यांना हात लावला नाही. म्हणजे हे दोन वेगळे पदार्थ आहेत आणि मधला चुन्याच्या जातीचा. त्यांनी तिथंच तुझ्या प्रवेशाचं मनावर घेतलं. बिघडलेल्या गोष्टीतून विद्या काढणारी तुझ्यासारखी मी दुसरी पाहिली नाही. तेव्हापासून वीस वर्षं तू भेटेल त्याला, आणि शिकवायला लागल्यापासून प्रत्येक वर्गाला ही गोष्ट सांगतेस, माझ्या भोळेपणाला हात जोडतेस, दर दिवाळीला मला साडी आणतेस. ती प्रत्येक साडी मला जड झाली.

आता पिराजीचं राहिलेलं बोलणं. पायरी उतरता उतरता तो वळला आणि म्हणाला, “वैनी, ह्येला चिंच-लिंबू लावू नगासा. आमच्या आक्कानं भांड्यासंगं एक घासला, तर पांढराफटक झाला बगा. ताईस्नी तेवढं सांगा.” मी म्हटलं, सांगते. आणि सांगितलं नाही. चिंच मी जाणूनबुजून घातली, नंदू. तू पुण्याला गेलीस तर त्या घरात दिवसभर मी आणि आई, दोघीच उरणार होतो. आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. माझी वही मिटली आणि तुझी उघडणार, हे मला सहन झालं नाही. तुझ्यावर जीव होता आणि तरीही केलं. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला कळायला हवं होतं. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारच्या पहाटेच्या एसटीचं तिकीट ह्यांनी काढून ठेवलंय. तू नको म्हणालीस तर ते परत करू, मी एका शब्दानं विचारणार नाही. ये म्हणालीस तर मात्र त्या चिठ्ठीतला ‘चुकून’ हा शब्द आधी खोड. मग मी फीत कापेन.

अजून म्हणू देणार असशील तर, तुझीच,
श्यामलावहिनी