शेंगगाडी सोडण्याचा अधिकार

मृत्युपत्र

मी, सिंधू चंद्रभान निनावे, वय एकाहत्तर, जन्म उमरेडचा, राहणार हुडकेश्वर, नागपूर, धंदा शेंगगाड्या बनवणे, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, चष्मा लावून, चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत लिहून देत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फसवलेले नाही, की लाडीगोडी लावलेली नाही. लाडीगोडी लावली असती तर बरंच वाटलं असतं. डॉ. प्रियदर्शनी वासनिक यांनी आज मला तपासून डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. डोकं ठिकाणावर आहे, छाती नाही, म्हणून ही घाई. याआधी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

वकीलबाई मेघा धकाते यांनी माझी निम्मी वाक्ये अनावश्यक म्हणून खोडली होती. मी ती परत लिहिली आहेत. मरणार मी आहे, वाक्येही माझीच राहतील.

कलम पहिले. मिळकत कशी उभी राहिली.

माझे यजमान कै. चंद्रभान निनावे कूलरच्या फायबर बॉड्या बनवत. हुडकेश्वरच्या प्लॉटवर खाली शेड, वर घर. कूलरचा धंदा उन्हाळ्यापुरता. बाकीचे महिने साचे नुसते पडून. तेव्हा त्यांच्या डोक्यात शेंगगाडी आली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: ही पायडलची तीनचाकी. पुढे दोन चाकं, मागे एक, वरून फायबरचं बंद कवच, आणि माणूस आत पाय लांब करून पाठ टेकून चालवतो. शहाणे लोक तिला वेलोमोबाइल म्हणतात. भुईमुगाच्या शेंगेसारखी दिसते म्हणून आमच्याकडे शेंगगाडी. पेट्रोल लागत नाही, वारा आडवा येत नाही, आणि पोरं मागे धावतात.

पहिल्या गाडीत आम्ही जी चूक केली ती कूलरवालेच करू जाणे. आत गरम होईल म्हणून नाकाशी वाळ्याची ताटी बसवली आणि वर पाण्याची बाटली. गाडीत बसवलेला कूलर! यजमान खुश, मी खुश. ग्राहकाला विचारलं, तर हात जोडून म्हणाला, "एकदम मस्त आहे जी, काकू." पुढे सहज त्याच्या घरी गेले, तर आमची ताटी त्याच्या खिडकीतल्या कूलरला लावलेली. गाडीत पाठ भिजून खाज सुटत होती बिचाऱ्याला. पण तोंडावर कसं सांगणार? चहा पाजला होता ना मी.

त्या दिवसापासून मी ग्राहकाला गाडी कशी आहे हे विचारणं सोडलं. त्याच्या घरी जाते आणि त्याने गाडीत स्वतःच्या हाताने काय केलंय ते पाहते. उजव्या खांद्याशी दुपट्टा कोंबलेला असेल तर तिथे कड घासते. सळई तापवून भोक पाडलं असेल तर हवा कमी पडते. काठी बांधून वर फडकं लावलं असेल तर ट्रकवाल्याला गाडी दिसत नाही. नागपूरचा माणूस तोंडाने तक्रार करत नाही, पण जुगाड केल्याशिवायही राहत नाही. आज आमच्या गाडीत जे जे चांगलं आहे ते अशा दुपट्ट्यांतून आणि भोकांतून आलेलं आहे. हे श्रेय ग्राहकांचे आहे, असे येथे नमूद करते.

माझे वडील उमरेडला हातमागावर लुगडी विणत. व्यापारी यायचा, लुगडं उजेडात धरायचा आणि भाव पाडायला खोट काढायचा. खोट काढणाऱ्या माणसाचा मला तेव्हापासून तिटकारा. आणि जन्म गेला माझा खोट काढण्यात! फरक एवढाच, मी माझ्याच मालाची काढली.

कलम दुसरे. घर, ठेवी, दागिने.

वरचे राहते घर माझा मुलगा अभिजीत यास द्यावे. बँकेतील ठेवींतून माझे दवाखान्याचे आणि क्रियाकर्माचे भागवून उरेल ते अभिजीत आणि रोशनी यांनी सारखे वाटून घ्यावे. रोशनी नागसेन मेश्राम ही आमच्या शेडमध्ये गाड्या तपासते. माझ्या पोटची नाही. पण माझी बोलणी पोटच्या पोरापेक्षा जास्त तिनेच खाल्ली आहेत. माझी गळ्यातली सोन्याची एकदाणी तिला द्यावी. मोडून मशीन घेतलं तरी माझी हरकत नाही, ती तेच करणार.

अभिजीतने लग्न केलेले नाही. त्यावर मला पुष्कळ बोलायचे आहे, पण वकीलबाई म्हणतात तो मिळकतीचा विषय नाही.

कलम तिसरे. अवजारे, आणि एक जुना हिशेब.

साचे, कटर, ड्रिल, वेल्डिंगचा संच हे सर्व शेडसोबत राहील. रिव्हेट मारायची गन माझे दीर देवराव यांच्याकडे आहे. गेटच्या कामाला म्हणून नेली होती. गेट गंजून पडलं, गन आली नाही. ती आता त्यांनी ठेवून घ्यावी, मी माफ केले. फक्त माझ्या मयतीला उभं राहून "वहिनीच्या धंद्याला मीच हातभार लावला" असे म्हणू नये. म्हणाले, तर गन त्याच दिवशी वसूल करावी.

कलम चौथे. शेड, धंदा, आणि गाडी सोडण्याचा अधिकार.

हे कलम मन लावून वाचावे. बाकीचं सगळं भांड्याकुंड्यांचं आहे.

शेड आणि धंदा अभिजीत व रोशनी यांच्या नावे निम्मा-निम्मा करीत आहे. परंतु गाडी ग्राहकाला सोडायची की थांबवायची, हे ठरवण्याचा अधिकार एकट्या रोशनीचा राहील. का, ते सांगते.

आमच्याकडे तयार गाडी भर उन्हात झाकण लावून उभी करतात. चांगली तापली की रोशनी आत बसते, झाकण लावून घेते आणि आतून एका हाताने उघडते. फायबर तापलं की फुगतं आणि कडी धरते, म्हणून ही परीक्षा. कडी कुठे जरा जरी अडली, तर गाडीला तांबडं फडकं बांधायचं आणि दुरुस्तीला मागे न्यायचं. फडकं जी बांधते तीच सोडते, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

तेवीस सालच्या मे महिन्यात अभिजीतने हात लावला. कन्हानच्या पंकज ढोबळे यांची गाडी होती. रोशनीने दोनदा थांबवली, ग्राहकाचे फोनवर फोन. अभिजीत गोड बोलणारा, कोणाला नाही म्हणता येत नाही त्याला, बापावर गेलाय. कडीला तेल सोडलं, फडकं काढलं, गाडी दिली. भर दुपारी कन्हानच्या पुलाअलीकडे पंकजरावांना भोवळ आल्यासारखं झालं. झाकण उघडायला गेले, तर उघडेना. आतून ओरडत होते. लोकांना वाटलं, गाडीची जाहिरात चालली आहे! रस्त्याच्या कडेला टरबूज विकणाऱ्या बाईला तेवढी शंका आली. तिने दगडाने झाकण फोडलं आणि माणूस बाहेर काढला. जगला. ती बाई नसती तर मी आज मृत्युपत्र लिहायला नाही, तुरुंगात असते, आणि तेच बरोबर झालं असतं.

मी दवाखान्यात गेले, पाया पडायला वाकले, तर पंकजरावांनी हात धरला. म्हणाले, "काकू, पाया नका पडू जी. गाडी नीट करा, अन् तुम्ही आत बसा. मी बाहेर उभा राहून पाह्यतो." कडी पूर्ण बदलली. मी बसले, झाकण लावलं, उघडलं. तीच गाडी ते आजही चालवतात आणि दर महिन्याला एक तरी तक्रार घेऊन येतात. मस्त आहे म्हणून जाणाऱ्या शंभर ग्राहकांपेक्षा मला हा एक माणूस प्यारा आहे. म्हणूनच या कागदावर साक्षीदार म्हणून त्यांनाच बोलावले आहे.

त्या दिवशी मी अभिजीतला शेडबाहेर काढलं. "तुझं पाऊल पुन्हा आत पडायचं नाही," असं चारचौघांत म्हटलं. तो धरमपेठेत एका दुचाकीच्या शोरूमवर लागला आणि तिथेच खोली घेतली. सणावाराला येतो, जेवतो, जातो. जेवलास का आणि गोळी घेतली का, याच्यापलीकडे आमचं बोलणं होत नाही. माझा पोरगा आहे तो. रागाने माझा जीव जळतो आणि मायेनेही जळतो, डॉक्टरीणबाईंना छातीत दुसरं काय सापडणार?

म्हणून मी असे लिहिले होते: अभिजीतला नफ्यातला निम्मा हिस्सा मिळेल, परंतु त्याने शेडमध्ये काम करू नये, आणि गाडी सोडण्याचा अधिकार त्याला कधीही मिळू नये.

कलम पाचवे. मसुद्याची तपासणी.

आमच्याकडे ज्याचा माल त्याला आधी त्यात बसवून पाहतात. हा कागद ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच तेवढा मी मेल्यावर का दाखवावा? मग तक्रार कोणाकडे करायची, माझ्या फोटोकडे? म्हणून रविवारी दोघांना बोलावून वकीलबाईंना मसुदा मोठ्याने वाचायला लावला. साक्षीदारही हजर होते. वकीलबाईंना वाटलं, आता हिश्शावरून भांडण पेटणार.

रोशनीने एकदाणीच्या जागी सरळ मशीनच लिहा म्हणून सांगितलं. चौथं कलम संपलं तसा अभिजीत म्हणाला, "आई, याच्यात एक खोट आहे."

मी म्हटलं, "हिस्सा कमी वाटून राहिला का तुले?"

"हिस्सा राहू दे वं. तू लिहिलं का अधिकार कधीही मिळू नये. काहून कधीही? ज्या गाडीले तांबडं फडकं बांधतो, ते आपण भंगारात देतो का? मागे नेतो, नीट करतो, पुन्हा उन्हात उभी करतो. पंकजभाऊची गाडीही केली. मले तेवढं फडकं बांधून सोडून दिलं तू. पुन्हा तपासलंच नाही."

बाप्पा! पोराने माझ्याच मापाने मला मापलं. पंकजराव खाली पाहत होते. मी रडले, लिहून ठेवते, कारण साक्षीदारांनी पाहिलंच आहे. एवढी वर्षं मी परक्या घरांत जाऊन कोंबलेले दुपट्टे शोधत फिरले आणि धरमपेठेतल्या त्याच्या खोलीची पायरी एकदाही चढले नाही.

मी वकीलबाईंना म्हटलं, "खोडा ते. रोशनीसोबत त्यालेही अधिकार लिहा, आत्ताच्या आत्ता." वकीलबाईंनी पेन उघडलं.

तेवढ्यात रोशनी म्हणाली, "नाही, काकू."

"काहून वं?"

"तपासल्याबिगर नाही. तुम्ही रडून राहिल्या म्हणून मी पास करू का? भाऊ शेडमधे येऊ द्या. माझ्या हाताखाली काम करू द्या. एक पुरा उन्हाळा पाह्यतो मी. ग्राहक दारात उभा राहून ओरडून राहिला तरी नाही म्हणता आलं त्यायले, तर अधिकार देईन. नाही आलं, तर नाही."

क्षणभर असा राग आला मला! माझ्या घरात, माझ्या पोराला, माझ्यासमोर ही नापास करते? थोबाडीत द्यावीशी वाटली. मग अभिजीतकडे पाहिलं. तो रोशनीला म्हणाला, "हाव. बरोबर आहे तुझं. कधी येऊ?"

"उद्या आठ वाजता. चहा पिऊन ये, इथे वेळ नाही भेटत."

कलम सहावे. चौथ्या कलमातील दुरुस्ती, व अखेरचे.

सबब चौथ्या कलमातील "काम करू नये" आणि "कधीही मिळू नये" हे शब्द मी रद्द करीत आहे. अभिजीत सोमवारपासून शेडमध्ये रोशनीच्या हाताखाली कामाला लागला आहे. गाडी सोडण्याचा अधिकार त्याला द्यायचा की नाही, आणि केव्हा, हे एकटी रोशनी ठरवील. तिच्या निर्णयावर कोणत्याही नातेवाइकाने, वकिलाने वा कोर्टाने बोट ठेवू नये. मीही ठेवणार नाही. हयात असेन तोवर मी त्याची शिफारस करणार नाही, तिच्यासमोर डोळ्यांत पाणी आणणार नाही, आणि आणलेच तर तिने ते मोजू नये.

पुढचा उन्हाळा मला मिळेल असे डॉक्टरीणबाई म्हणतात. पण त्या माझा चहा पिऊनच सांगतात, म्हणून मी धरून चालत नाही. तेव्हा रोशनी, तुझ्यासाठी शेवटचे लिहिते. निकालाआधी मी गेले, तर माझ्या तेरवीला तो एका कोपऱ्यात एकटा बसलेला दिसेल. तुला दया येईल, तू मऊ आहेस, मला माहीत आहे. त्या दिवशी त्याला जेवू घाल, पाठीवर हात फिरव, पण अधिकार देऊ नकोस. आईवेगळा पोरगा म्हणून त्याला तो मिळू नये. पास होऊन मिळावा. त्याला तसाच हवा आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, अभिजीत व रोशनी यांनी वाचला, तक्रारी ऐकून दुरुस्त केला, आणि आता माझी काही हरकत उरलेली नाही, म्हणून सही करते.

सही: सिंधू चंद्रभान निनावे

साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यांदेखत मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या:

१. पंकज ढोबळे, राहणार कन्हान, ग्राहक

२. डॉ. प्रियदर्शनी वासनिक, राहणार धरमपेठ, नागपूर

मसुदा लिहिणार व व्यवस्था पाहणार: ॲड. मेघा धकाते

ठिकाण: हुडकेश्वर, नागपूर
दिनांक: २१ ऑगस्ट २०२५