पाचव्या रांगेतून लाइव्ह

३ ऑगस्ट, रविवार
आपल्या क्लबची फुटबॉल मॅच आज मोबाइलवरून लाइव्ह दाखवली. पाचवी रांग, कॉमेंट्री माझीच. बघणारे सात. त्यात एक मीच, मी काम करतो त्या दुकानाच्या फोनवरून. सुरुवात म्हणून उत्तम.
दादा त्याच मैदानावर कामाला आहे. बावीस वर्षं गवत, रेषा, जाळ्या सगळं त्याच्या हातचं. म्हणाला, फोन खिशात ठेव आणि मॅच बघ. जुन्या पिढीचा माणूस. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा.

२४ ऑगस्ट
एकशे चाळीस! चष्म्याच्या दुकानात मालकांना आकडा दाखवला. म्हणाले, आधी गिऱ्हाइकाकडे बघ. संकल्प: उद्यापासून गिऱ्हाइकाकडे बघणे.

१४ सप्टेंबर
क्लबच्या सेक्रेटरींनी गेटवर अडवलं. घरबसल्या फुकट दिसलं तर तिकीट कोण काढणार, म्हणाले. मी समजावलं, अहो, ही जाहिरात आहे, बघून लोक धावत येतील. पटलं नाही. बुधवारी सभा. सभासदच ठरवतील.

१७ सप्टेंबर
जिंकलो! बत्तीस विरुद्ध एकोणीस. ज्या म्हाताऱ्याला पायऱ्या चढवत नाहीत त्याने मॅच बघूच नये का, असं विचारलं तेव्हा टाळ्या पडल्या. (असा म्हातारा ओळखीत नाही. पण असणारच.)
दादाने दोन्ही वेळा हात वर केला नाही. घरी येताना विचारलं, तर म्हणाला, तुझ्या विरुद्ध कसा करू? आणि बाजूने तरी कसा करू?

१२ ऑक्टोबर
लाइव्ह आठशे. स्टँडमध्ये एकसष्ट. उन्हामुळे असेल. ऊन बाधतं काहींना.

२ नोव्हेंबर
स्टँडमध्ये एकतीस. ऊन नव्हतं. पाचवी रांग अख्खी माझी, पाय पसरता येतात.
एकाने लिहिलं, पूर्वी दर रविवारी मैदानावर यायचो, तुमच्यामुळे तो त्रास वाचला. डोळे भरून आले. जेवताना वहिनीला वाचून दाखवलं. दादा ताटावरून उठला. हल्ली त्याला भूकच नसते.

३० नोव्हेंबर
क्लब बंद होणार. पुढची मॅच शेवटची. मैदानावर गोदाम बांधणार आहेत. कारणं बरीच असतील. सेक्रेटरींनी एकच सांगितलं, तेही माझ्याकडे बघून.
दादाला म्हटलं, तुझ्या कामावर एक खास व्हिडिओ करतो. नको म्हणाला. एवढंच.

१४ डिसेंबर
शेवटची मॅच. लाइव्ह एकोणीसशे, उच्चांक! रडक्या चेहऱ्यांचा नुसता पाऊस. स्टँडमध्ये अकरा.
दादाने सकाळी नेहमीसारख्या दोरी धरून रेषा मारल्या. सेक्रेटरी म्हणाले, आज कशाला एवढं? दादा म्हणाला, आज मॅच आहे ना.
दुसऱ्या हाफला फोन बंद करून त्याच्याजवळ जाऊन बसायचं ठरवलं होतं. पण एकोणीसशे लोकांना अर्ध्यावर कसं सोडायचं?

११ जानेवारी
दादाला तीन तासांवरच्या गावात मैदान मिळालं. आज दोघं गेले. वहिनीने डब्यांवर चिठ्ठ्या लावून ठेवल्यात, कशात काय ते. टेम्पोत बसताना दादा म्हणाला, मॅचला ये कधीतरी. नुसता ये.
पहिल्याच मॅचला येतो म्हणालो. वचन म्हणजे वचन.
घरात दोन खोल्या जास्तच आहेत, हे आज लक्षात आलं.

१ फेब्रुवारी, रविवार
सकाळी सातची बस होती. अंघोळ झाली, शर्टही इस्त्री केला. मग कळलं, तिथेही कुणीतरी स्टँडमधून लाइव्ह दाखवतो. म्हटलं, जाऊन-येऊन सहा तास, आणि मॅच तीच.
घरीच बघितली. हाफ टाइमला कोपऱ्यात एक माणूस वाकून झेंड्याची काठी सरळ करत होता. दादाच. बारीक झालाय. मी मोठ्याने हाक मारली. दोनदा.
त्याने गुडघ्यावरची माती झटकली. तेवढ्यात कॅमेरा दुसरीकडे गेला.