गेटजवळचं कुरडू

१६ जून, रविवार
निर्णय पक्का. गेटजवळच्या वाफ्यात कुरडू लावणार. अस्सल देशी रानफूल. फुलांवर मधमाश्या, फुलपाखरं, बियांवर मुनिया. लातुरात असा बगिचा कुणाकडे नाही. सुकन्या म्हणाली, "आमच्या नायगावला लोकं उपटून राहिले, अन् तुम्ही पेरून राहिले." बायकोला दृष्टी नाही.

१७ जून
रोज पहाटे पाचला उठून निगा राखायची. आज उशीर झाला. उद्यापासून.

१४ जुलै
बॅचेसच्या गडबडीत पाणी, खत काहीच दिलं नाही. तरी रोपं तरारली. नियोजन म्हणतात ते हेच. फिजिक्सच्या तासाला पोरांना कुरडूवर लेक्चर दिलं. दोघं जागे होते.

८ सप्टेंबर
गुलाबी-पांढरे तुरे. फुलपाखरंच फुलपाखरं. एक मुनियाही आली. (सुकन्या म्हणते, चिमणी.) पक्षिमित्र मंडळाला २९ तारखेचं आमंत्रण दिलं. भाषण लिहायला घेतलंय.

१५ सप्टेंबर
सासूबाई नायगावहून कायमच्या राहायला आल्या. सासरे गेले, शेत बटईनं दिलं. कुणाशी बोलत नाहीत. दोन घास खातात आणि दिवसभर खिडकीत बसतात. सुकन्या स्वयंपाकघरात डोळे पुसते. मन रमावं म्हणून मी त्यांना परागीभवन समजावलं. त्यांना झोप लागली. तेवढाच आराम.

२८ सप्टेंबर, दुपारी ३
क्लासहून आलो. वाफा साफ. सासूबाई पदर खोचून मातीत बसलेल्या, हातात खुरपं.
"जावईबापू, लई तण माजलं होतं. समदं काढलं. आता मेथी टाकू."
अन् हसल्या. मग मातीबद्दल, खुरप्याच्या धारेबद्दल बोलतच राहिल्या. दोन भाकरी खाल्ल्या. सुकन्या माझ्याकडे बघत होती. बोलायला तोंड उघडलंच होतं, म्हणून "बरं झालं" म्हणालो.

२९ सप्टेंबर
मंडळ दुर्बिणी घेऊन आलं. जमिनीला विश्रांती हा प्रकल्पाचा दुसरा टप्पा आहे, असं सांगितलं. माना डोलल्या. एकानं उपटलेल्या ढिगाचा फोटो काढला. सासूबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि वाफ्यात पाय ठेवू नका म्हणून दम दिला.

२७ ऑक्टोबर
मेथी जोरात. मेथीलाही फूल येतं, त्यावरही मधमाश्या येतात. म्हणजे प्रकल्प चालूच आहे. फक्त फुलापर्यंत ठेवायला हवी. सासूबाईंना तसं शास्त्रीय भाषेत सांगितलं. म्हणाल्या, "फुलावर गेलेली मेथी कोण खातंय?"
संध्याकाळी वाफा रिकामा. भाजी दोनदा वाढून घेतली.