लबीबचा चाळिसावा

प्रिय सामेह,

बिशपांनी पाद्री करताना तुला अर्सानी हे नाव दिलं आणि गाव तुला अबूना अर्सानी म्हणतं, ते गावापुरतं. मला भांडायचंय ते माझ्या धाकट्या भावाशी, म्हणून जुन्याच नावाने हाक मारते आहे. तोंडावर बोलले असते, पण तुझा काळा झगा दारात दिसला की सासूबाई तुझ्या हाताचं चुंबन घ्यायला धडपडत उठतात आणि माझं बोलणं राहूनच जातं.

काल तुझी बायको मार्सेल डाळीचं भांडं आणि तुझा निरोप घेऊन आली होती. डाळ चांगली होती. निरोपाचं शेवटी बोलते. त्याआधी माझा जो संताप आहे, तो सगळा ऐकून घे.

माझा लबीब गेल्यापासून सासूबाई मला एकच विचारतात. सकाळी चहा पुढे ठेवला की विचारतात, कबुतरांना दाणे टाकताना विचारतात. ‘फेबी, माझ्या पोराला धूप मिळाला नाही ग. तो पोचला असेल का?’ मी म्हणते, पोचला. त्या मान हलवतात आणि दुपारी पुन्हा विचारतात. मी काही पाद्री नाही, सामेह. माझ्या शब्दाला त्यांच्या लेखी वजन नाही, आणि ज्याच्या शब्दाला आहे तो फिरकत नाही.

हे भूत त्यांच्या डोक्यात कोणी घातलं माहीत आहे? उम्म आदेलने, त्या आदेलच्या आईने. दफनाहून परतताना माझ्या कानावर पडेल अशा आवाजात म्हणाली, ‘बिचाऱ्याला पाणी लागलंच नव्हतं म्हणे. बाहेरच बसला होता ना.’ बाहेर बसला होता, हे खरंच आहे. झावळ्यांच्या रविवारी, ख्रिस्त गाढवावरून शहरात आला त्या सणाला, तो कधी आत असायचा? मिस्सा संपली की तू आत सगळ्या गावाचा अंत्यविधी आधीच, एकदमच आटोपतोस, कारण पुढच्या आठवड्यात ख्रिस्ताशिवाय कोणाच्याच मरणासाठी चर्चमध्ये धूप जळत नाही. मग पाणी शिंपडतोस. आणि आपले लोक दरवर्षी झावळ्या उंच धरून एकमेकांच्या पायांवर पाय देत पुढे घुसतात. त्यांना वाटतं, पाणी झावळ्यांसाठी आहे. तू घसा फोडून सांगतोस, ‘अरे बाबांनो, हे तुमच्या मरणाचं पाणी आहे, पानांचं नाही,’ पण ऐकतो कोण. मीही माझी झावळी भिजवूनच बाहेर आले. लबीब फाटकाशी मांडी घालून पोरांना पानांची गाढवं विणून देत होता. माझी झावळी बघून हसला. म्हणाला, ‘भावाला सांग, आत तो राजाला आणतो, पण गाढव माझ्याकडूनच जातं.’ तुझ्या लग्नाआधी तूही त्याच्या शेजारी बसून गाढवं विणायचास. तुझ्या गाढवांचे कान कधी सरळ झाले नाहीत.

दोनच दिवसांनी, मंगळवारी, तो पंपाच्या कारखान्यात खाली बसला, तो उठलाच नाही.

त्याला चर्चमध्ये आणलं तेव्हा खांबांवर काळं कापड होतं आणि वेदीचा पडदा बंद. तू त्या दिवसाचे पाठ वाचलेस, जसे तो नसता तरी वाचले असतेस. लबीबचं नाव नाही, धूप नाही. सासूबाई पेटीवर हात आपटत होत्या, ‘अबूना, एवढासा धूर कर रे, एवढासा.’ तू खाली बघत होतास. बाहेर निघताना माझ्याजवळ थांबून पुटपुटलास, ‘फेबी, त्याचा अंत्यविधी ख्रिस्ताच्या अंत्यविधीतच झाला आहे.’ आणि निघून गेलास, कारण पुढची प्रार्थना सुरू व्हायची होती.

मी रागावले ते धुपासाठी नाही. नियम मला माहीत आहे, मी त्याच चर्चमध्ये वाढले. रागावले ते पुटपुटण्यावर. जे वाक्य वेदीसमोर उभं राहून, सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणायचं, ते तू लाज वाटल्यासारखं माझ्या कानात टाकलंस. अख्खा आठवडा तुम्ही पडदा बंद करून वेदीपासून दूर, अलीकडे बसता. का? कारण ख्रिस्ताला शहराबाहेर नेऊन मारलं. लहानपणी हे तूच मला समजावलं होतंस, मोठ्या रुबाबात. मग जो देव फाटकाबाहेर मेला, त्याला फाटकाबाहेर गाढवं विणत बसलेला माणूस दिसणार नाही? त्याचं मरण सगळ्यांसाठी होतं, की ज्यांच्या झावळ्या भिजल्या त्यांच्यासाठी? एवढं एक उम्म आदेलला विचारायला तुला तोंड नव्हतं?

तिसऱ्या दिवशी घरी येऊन प्रार्थना करतात, तीही त्या आठवड्यात बसली नाही. ठीक. पण घोटभर कॉफी प्यायला यायला कोणता नियम आडवा आला? ख्रिस्त उठल्याच्या सणाच्या दिवशी तू वेदीसमोरून मरणाने मरणाला तुडवल्याचं सांगत होतास, लोक ‘खरोखर उठला’ म्हणून ओरडत होते, आणि तुझी नजर सगळ्यांवरून फिरली, आम्हा दोघींना वगळून. दुखवट्याचं घर म्हणून आम्ही सणाची काहक बिस्किटंही भाजली नव्हती. सासूबाई तोंडातल्या तोंडात विचारत होत्या, पोचला असेल का.

आता तुझा निरोप. मार्सेल म्हणाली, तुला आमची फार दया येते. लबीबचा चाळिसावा दिवस सणाच्या पन्नास दिवसांत येतो, आणि त्या दिवसांत दुःखाचे सूर चालत नाहीत, म्हणून तू तो पुढे ढकलणार आहेस. पन्नास दिवस सरले की भरपूर धूप जाळून, रडव्या सुरात, आमचं मन भरेल असा करणार आहेस. हे ऐकल्यापासून मला झोप नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. नको. एक दिवसही पुढे ढकलायचा नाही; चाळिसावा चाळिसाव्या दिवशीच, आणि या दिवसांत सणाच्या सुरातच, हाही नियमच आहे. त्या आठवड्यात माझा नवरा समोर असताना तू नियम मोडला नाहीस, तर आता माझ्या तोंडाला भिऊन मोडू नकोस. पांढरी वस्त्रं घालून ये. सणाचे सूर लाव, झांज आण, आणि लबीबचं नाव मोठ्याने घे, सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्याच्या नावावर आनंदाचा सूर तुझ्या गळ्यातून निघत नसेल, तर ‘ख्रिस्त उठला’ असं गावात कोणालाच सांगू नकोस. उम्म आदेललाही बोलावलं आहे. आणि यंदाची काहक मी त्याच दिवशी भाजणार आहे.

रागावलेली, तरी तुझीच बहीण,
फेबी