दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

बाबा, तुमच्या गाण्याच्या पार्टीची रेकॉर्ड पुन्हा निघाली. कव्हर नवीन, आत तीच मोठी काळी तबकडी. मी प्रताप नगरला मित्राकडे निघालो होतो, त्याच्या ट्रकवर क्लीनरचं काम होतं म्हणून, आणि सीताबर्डीवर दुकानाच्या काचेत तुमचा ढोलक दिसला. तुम्ही नाही, ढोलकच. फोटो कापताना तुमचं डोकं बाहेर राहून गेलं. पण पट्ट्याला बांधलेला आईच्या लुगड्याचा हिरवा काठ मी कुठंही ओळखीन. मित्र अजून वाट पाहत असेल. पाहू द्या.

तरुणपणी तुम्ही मांडवात बसलात की लोक उठायचे नाहीत, तेव्हा कोणी रेकॉर्ड काढली नाही. दात पडायला लागले तेव्हा मुंबईहून बोलावणं आलं. गल्लीत म्हणायचे, "आता म्हाताऱ्याइले मुंडावळ्या बांधून राहिले." तुम्ही चामडं ताणावं म्हणून चुलीजवळ ढोलक शेकत बसायचा आणि आई म्हणायची, "शेका, त्यालेच शेका. भाकरी आम्ही कच्च्या खातो." त्या चुलीवरची वांग्याची भाजी... जाऊ द्या, भलतीकडे चाललो.

तुमच्या पार्टीत प्रत्येक अंतऱ्याआधी ढोलकवाल्यानं "घे गा" म्हणायचं आणि मोठे बाबा, म्हणजे तुमचे थोरले भाऊ, तोंड उघडायचे. आयुष्यभराची सवय. मुंबईच्या साहेबानं तंबी दिली, गाणाऱ्याशिवाय कोणी बोलायचं नाही. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात पेटी फिरून फिरून परत येते आणि मोठे बाबा गातच नाहीत. शेवटी तुम्ही "घे गा" म्हणालातच. वेळ संपली होती, साहेबानं ते तसंच राहू दिलं. घरी येऊन तुम्ही सांगत होता, "मी इचारलं, भाऊ, काहून थांबला गा? तं म्हणते, तू बोललाच नाही नं." आई हसता हसता पिठाच्या हातानं डोळे पुसते आहे, तोंडभर पीठ, मला अजून दिसतं.

आपली रेकॉर्ड भिवापूरच्या मिरच्यांसोबत गच्चीवर उन्हात राहिली आणि पापडासारखी वाकली. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. मी पाचवीत होतो. फोटो आहेत, ढोलक आहे. आवाज मात्र तेवढाच होता, त्या दोन शब्दांचा.

आणि नव्या कव्हरवर लिहिलेलं, नको ते आवाज काढून साफ केली आहे. मी तसाच आत शिरलो.

दुकानदाराला म्हटलं, दुसरी बाजू लावा, तिसरं गाणं, तिथं एक माणूस बोलतो.

"बोलत असन तं काढून टाकला असन," तो म्हणाला. "घ्याची हाय का नुसतीच ऐकाची?"

सुई टेकली. मोठे बाबा गायले, थांबले. पेटी एकदा फिरली, परत फिरली. आणि मग, घे गा. तिथंच, जसंच्या तसं. मी काउंटरवर हात मारला.

"अरे, काच फुटन नं."

"बाप आहे माझा तो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, रेकॉर्डकडे पाहिलं, आवाज वाढवला आणि सुई उचलून स्वतःच मागे ठेवली.

आता रेकॉर्ड मांडीवर आहे, वाजवायला मशीन नाही, तरी पाय एका जागी ठरत नाहीत. बाबा, तुमचा आवाज बारीक आहे. इतकी वर्षं मी तुम्हाला मोठ्या बाबांच्या जाड आवाजात आठवत होतो. ढोलकाला पाय लागला म्हणून मला ओरडलात, तेही त्याच आवाजात. आता ते ओरडणं मी पहिल्यापासून पुन्हा ऐकून राहिलो, बारीक आवाजात, आणि ते अर्धं हसण्यासारखंच वाटतं.

हे पत्र कव्हरातच राहील, टाकणार कुठं? फक्त एक सांगतो. काउंटरवर हात मारला तो "घे गा" हे शब्द ओळखून. तुमचा आवाज तेव्हा ओळखला नव्हता. तो दुसऱ्यांदा सुई ठेवल्यावर ओळखला.