चव बघायची पाळी

अक्का, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले आहे, तेही तुमच्याच स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी. पुरण शिजतंय तोवर वेळ आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले. कन्नड येत नव्हतं, दिवसभर घर खायला उठायचं. शेजारणीने तुमच्याकडे धाडलं. लग्नामुंजींची मराठी जेवणं करून देणाऱ्या तुम्ही बेळगावच्या, आवाज असा खणखणीत की मला वाटलं, इथे आपलं काही खरं नाही. पण तुमची एक रीत होती. नैवेद्य बाजूला काढला की चव बघायची पाळी रोज वेगळ्या बाईची, आणि ती म्हणेल ते शेवटचं. मागाहून तुम्ही मिठाची चिमूटसुद्धा टाकत नव्हता. घरी नवऱ्यापुढे ब्र न काढणारी बाई तुमच्या पातेल्यापुढे कमरेवर हात ठेवून सांगायची, "अजून चिंच पाहिजे." तुम्ही कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणून चिंच कोळायला बसायचात.

चव बघायची माझी पहिली पाळी आली त्या दिवशी एक मुंज होती आणि माझा गुरुवारचा उपास. सांगितलं तर पाळी हातची जाईल, म्हणून बोलले नाही. कटाची आमटी तळहातावर घेतली, हात तोंडापाशी नेला, गुपचूप पदराला पुसला आणि म्हणाले, "झकास!" तिच्यात मीठ दोनदा पडलं होतं. पहिली पंगत बसते, आणि मुलाचे वडील वाटी घेऊन तरातरा आत येतात, "चव कोणी बघितली ही?" मी पातेल्याआड उभी. तुम्ही पदर सारखा करून हात जोडता. "मी बघितली. चूक माझी."

परतताना रिक्षात एवढंच म्हणालात, "तू जेवली नाहीस तेव्हा कळलं मला. उपास होता तर सांगायचं की गं. पाळी पुढं ढकलली असती, काढून घेतली नसती." मी रडायला लागले. "रड स्वल्प. पण उद्या परत तूच बघायचीस." दुसऱ्या दिवशी मी चव बघत होते तेव्हा तुम्ही मुद्दाम पाठ करून लसूण सोलत बसलात. मी आज जी काही आहे ती त्या पाठीमुळे.

आणि मी काय करते? तुमच्या पश्चात हे काम मी चालवते, आणि चव रोज मीच बघते. बाईंचा हात लागल्याशिवाय चव नाही, असं लोक म्हणतात आणि मी फुगते. मोठ्या ऑर्डरी आहेत, नाव जाईल, अशी कारणं मी स्वतःला देते, पण खरं सांगायचं तर मला ते आवडतं. सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहतात ते आवडतं. लाज वाटते अक्का, तरी आवडतं.

माझ्याकडे हुबळीची एक बाई आहे. माझ्याहून चांगली आमटी करते, हे तिला ठाऊक नाही, मला आहे. आज सकाळी तिने हात पुसत विचारलं, "बाई, एकदा मी बघू काय चव?" मी म्हटलं, "नको गं. अक्कांचा नियम आहे, इथे चव एकाच बाईने बघायची." तिने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. तुमच्या फोटोला नमस्कार करून ती डाळ उपसायला गेली.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, ते बरंच आहे. खरं तर तिलाच वाचून दाखवायला हवं. पलीकडच्या चुलीपासून तिची हाक आली आहे, आमटी झाली म्हणून. मी उठते आहे, चव बघायला.